सभागृह त्यांचं, जकातघर तिचं

साहित्य महोत्सवाची छापील पत्रिका किल्लीवाल्यांच्या हातात पडली तेव्हा ते शिडीवर होते. रंगमंचाच्या पडद्याची कप्पी करकरत होती, तिला तेल घालायला चढले होते. शिपायाने पत्रिका खालून वर दिली. त्यांनी तेलकट बोटांनी ती उघडली, सवयीने सगळ्यात वरची ओळ वाचली आणि परत वाचली. मोठ्या पाहुण्यांची मुलाखत, जिच्यासाठी गाव वर्षभर थांबलेलं असायचं, ती या वर्षी जकातघरात होती. सभागृहाचं नाव पार चौथ्या ओळीत होतं. तिथे शाळांच्या निबंध स्पर्धेचा बक्षीस समारंभ होता.

आणि जकातघराची किल्ली जिच्याकडे होती, ती त्यांची बायको.

गावात त्यांना नावाने कोणी हाक मारत नसे. सव्वीस वर्षं नगरपालिकेच्या सभागृहाची देखभाल त्यांच्याकडे होती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा आणि माणूस दिसायच्या आधी तो ऐकू यायचा, म्हणून किल्लीवाले. सभागृह चौकात, पहिल्या मजल्यावर. एकतीस दगडी पायऱ्या, तीनशे चाळीस लाकडी खुर्च्या, हिरवा मखमली पडदा. कुठल्या खुर्चीचा पाय लुळा आहे, कुठल्या खिडकीतून दुपारचं ऊन थेट वक्त्याच्या डोळ्यात जातं, सातव्या रांगेच्या डाव्या टोकाला आवाज का घुमतो, हे सगळं त्यांना स्वतःच्या दाढदुखीइतकं नीट ठाऊक होतं. महोत्सव सुरू झाला तेव्हा सभागृहाशिवाय दुसरी जागाच नव्हती. पुढे पसारा वाढला. वाचनालयाचा वरचा मजला, जुनं न्यायालय, नावा बांधायची शेड अशा सहा-सात जागा झाल्या. नदीकाठचं जुनं गाव, पडकी तटबंदी, दगडी पूल. बाहेरगावच्या लोकांना त्याचं भारी कौतुक. पण मोठा पाहुणा सभागृहातच बसायचा. त्यात विचारायचं काही नसायचं.

जकातघर खाली धक्क्यावर होतं. पूर्वी नावांतून उतरलेला माल तिथे तपासून मग गावात सोडत. जाड भिंती, कमानीचं बुटकं छत, नदीकडे तीन खिडक्या. जकात बंद झाल्यावर नगरपालिकेने त्यात मोडके बाक आणि जुनी कपाटं कोंबून ठेवली. एकुलती लेक लग्न होऊन लांब गेली, घर खायला उठायला लागलं, तेव्हा बायकोने तिथे झाडलोटीचं काम धरलं. ते काम किल्लीवाल्यांनीच साहेबांकडे शब्द टाकून मिळवून दिलं होतं. ही गोष्ट ते पुढे स्वतःला फार वेळा सांगायचे.

सुरुवात तीन वर्षांपूर्वी झाली. एका लेखिकेचा गुडघा दुखावलेला होता, एकतीस पायऱ्या तिला झेपेनात. महोत्सवाच्या चिटणीस म्हणजे मुलींच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, सगळ्या गावाच्या हेडबाई. त्या चौकात उभ्या राहून कपाळाला हात लावत होत्या. तेव्हा किल्लीवाल्यांची बायको नवऱ्याचा डबा घेऊन आली होती. ती म्हणाली, "हेडबाई, माझी खोली झाडलेली आहे. बघा चालते का."

चालली. नुसती चालली नाही, गाजली. साठ माणसं गुडघ्याला गुडघा लावून बसली, माइक लागला नाही, खिडकीतून नदी दिसत होती. त्या लेखिकेने पुढे वर्तमानपत्रात लेख लिहिला आणि त्यात 'जकातघराच्या मावशीं'वर अख्खा परिच्छेद. सव्वीस वर्षांत इतके लेखक येऊन गेले, भाषणं ठोकून गेले. किल्लीवाल्यांवर कोणी अर्धं वाक्य लिहिलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी जकातघराला चार कार्यक्रम मिळाले, तिसऱ्या वर्षी नऊ. बायको दाराशी स्टूल टाकून प्रत्येक कार्यक्रम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची आणि रात्री जेवताना सांगायची. "आज ते कवी म्हणाले ना, की आपण ज्याला घर म्हणतो..."

"भाजीत मीठ कमी आहे," किल्लीवाले म्हणायचे.

लेकीचा फोन यायचा. "बाबा, आईचा फोटो पाहिला का पेपरात? काय छान आलाय! आईला द्या ना फोन." ते फोन द्यायचे आणि उगीच नळ सोडून भांडं धूत बसायचे. त्या लेखिकेचं पत्र आलं, तेही फक्त 'प्रिय मावशी' असं. पत्र पोस्टमनने त्यांच्याच हातात दिलं होतं. त्यांनी ते दोन दिवस खिशात ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी, आत्ताच आलं असं सांगून दिलं. खिशात असताना ते चार वेळा वाचलं होतं. त्यात आपल्याबद्दल काही आहे का, ते बघत होते. नव्हतं.

शेजाऱ्याची भरभराट डोळ्यांत खुपली तर माणूस दार लावून घेतो. भाऊबंद पुढे गेला तर बोलणं तोडतो. पण जिच्या हातचा चहा घेऊन दिवस सुरू होतो तिचाच हेवा वाटला तर जायचं कुठे? किल्लीवाल्यांना हे कोणाजवळ बोलताही येईना. लोक हसले असते. बायकोचं नाव झालं तर नवऱ्याने मिरवायचं असतं, अशी रीत. ते मिरवायचेही. चौकात कोणी म्हणालं, "मावशींनी नाव काढलं हो!" की ते म्हणायचे, "मग! आमचीच आहे ती." आणि वर जाऊन खुर्च्या इतक्या जोरात आपटत मांडायचे की खालचा शिंपी छताकडे बघायचा.

तर त्या दिवशी ते शिडीवरून उतरले आणि तेलाचे हात तसेच घेऊन हेडबाईंच्या घरी गेले.

"हेडबाई, पत्रिकेत काही चुकलंय."

"काय चुकलं? कुणाचं नाव राहिलं का?"

"मोठे पाहुणे खाली घातलेत."

हेडबाईंनी चष्मा काढला. "किल्लीवाले, पाहुणे ब्याऐंशी वर्षांचे आहेत. आपले श्रोते काही फार तरुण नाहीत. गेल्या वर्षी तुमच्या पायऱ्यांवर दोघींना धरून धरून चढवलं, आठवतं ना? आणि त्यांनीच पत्रात लिहिलंय, जकातघर पाहायचंय म्हणून. त्या दिवशी पौर्णिमा आहे. कार्यक्रम संपेस्तोवर नदीवर चांदणं येईल. किती छान दिसेल, विचार करा!"

पौर्णिमा म्हटल्यावर किल्लीवाल्यांच्या डोक्यात काहीतरी हललं.

सभागृहात येण्याआधी, नोकरीची पहिली दोन वर्षं, ते जकातघराचे पहारेकरी होते. नदी पुढे चार मैलांवर समुद्राला मिळायची आणि भरतीचं पाणी गावापर्यंत चढायचं. वर्षातून दोन-तीनदा पौर्णिमेचं किंवा अमावास्येचं उधाण आणि समुद्रावरचा वारा असे एकत्र आले की पाणी जकातघराच्या फरशीतल्या मोरीतून उलटं वर यायचं. त्यासाठी बाहेर धक्क्याच्या पायऱ्यांखाली लोखंडी झडप होती. हातभर लांबीच्या किल्लीने ती आवळली की मोरी बंद. बदली झाली तेव्हा ती किल्ली त्यांच्याबरोबर आली. कोणी मागितली नाही आणि जकातघरात तेव्हा भिजण्यासारखंही काही नव्हतं. ती सभागृहाच्या अडगळीत, पडद्याच्या जुन्या दोरांमागे खिळ्याला टांगलेली होती.

घरी जाताना ते नावाड्यांच्या कचेरीवरून गेले. तिथे भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता असायचा. त्यांनी बोटाने तारीख शोधली. त्या संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला वर्षातली सगळ्यात मोठी भरती होती.

चार दिवसांनी सकाळी चहा पिताना बायकोने स्वतःच विषय काढला.

"अहो, एक विचारू? वर्षातून एखाद-दोन वेळा मी सकाळी दार उघडते तेव्हा फरशी मधोमध ओली असते. छत तर गळत नाही. ओल येते कुठून? तुम्ही होतात ना तिथे पूर्वी?"

कप ओठांशी तसाच राहिला. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य जिभेवर आलंही होतं. पण त्याच वेळी टेबलावरच्या पत्रिकेकडे त्यांचं लक्ष गेलं. पहिल्या ओळीखाली बायकोने पेन्सिलीने बारीक रेघ मारून ठेवली होती.

"जुनी इमारत आहे," ते म्हणाले. "दगडाला घाम येतो."

"घाम?"

"येतो. जुन्या दगडाला येतो."

तिने मान डोलावली. त्यांच्या बोलण्यावर तिचा विश्वास होता, इमारतींच्या बाबतीत तर फारच. संध्याकाळी तिने हेडबाईंनाही तेच सांगितलं. यजमानांना विचारलंय, काळजीचं काही नाही.

त्या पंधरवड्यात किल्लीवाले घरात फार गोड वागले. बाजारातून न सांगता सामान आणलं, दिव्याचं बटण दुरुस्त केलं. बायकोला वाटलं, चला, यांचा रुसवा गेला एकदाचा.

मुलाखतीच्या दिवशी दुपारी सभागृहात बक्षीस समारंभ झाला. तीनशे चाळीस खुर्च्यांत सत्तर माणसं, त्यातली निम्मी मुलं. पाच वाजता सगळे पांगले. किल्लीवाल्यांनी खिडकीतून पाहिलं तर चौकातून धक्क्याकडे माणसांची रीघ लागली होती. वारा समुद्राकडून होता. त्यांनी दिवे घालवले नाहीत, दार ओढून घेतलं आणि तेही खाली निघाले. आपण का चाललोय, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. फजिती बघायला चालले होते. त्यापुढचा विचार त्यांनी केलाच नव्हता.

जकातघर खच्चून भरलं होतं. शंभरावर माणसं आत, त्याच्या तिप्पट बाहेर. ते मधल्या खिडकीच्या गजांशी उभे राहिले. पाहुणे बारीक चणीचे, पांढऱ्या केसांचे. बोलत होते हळू, पण शब्द न् शब्द ऐकू येत होता. दाराशी स्टुलावर बायको बसली होती. तिने लेकीने पाठवलेली निळी साडी नेसली होती आणि पाहुण्यांकडे अशी बघत होती की किल्लीवाल्यांना वाटलं, लग्नानंतर आपण काही बोलत असताना हिने आपल्याकडे असं कधी बघितलंच नाही.

सहाला दहा कमी असताना फरशीतल्या मोरीच्या जाळीतून पाणी आलं. आधी ताटाएवढं, मग सतरंजीखालून हळूहळू पसरत. पहिल्या रांगेतल्या एका बाईने पाय उचलले, शेजारणीला कोपर मारलं. किल्लीवाल्यांच्या छातीत आनंदाची एक लाटच उसळली. हे त्यांनी पुढे स्वतः कबूल केलं. शाळेत दुसऱ्याची पाटी फुटल्यावर व्हायचा तसा आनंद. बायको उठली, गोणपाट घेऊन धावली. "घाबरू नका, पाय वर घ्या नुसते," ती म्हणाली. लोक हसले, पाहुणेही हसले. आणि गुडघ्यांवर बसून ती सतरंजी गुंडाळायला लागली तेव्हा किल्लीवाल्यांना सतरंजीच्या पलीकडे विजेचा बोर्ड दिसला.

या वर्षी मुलाखतीचं चित्रण होणार होतं. कॅमेऱ्याच्या तारा, दिव्यांच्या तारा, सगळ्या त्या एका बोर्डात खोचलेल्या आणि बोर्ड उघडाच फरशीवर. पाण्याची कड त्याच्यापासून दोन वितींवर आणि बायकोचे दोन्ही हात पाण्यात.

ते गर्दीतून कसे आत शिरले ते त्यांना सांगता येत नाही. कोणाचा तरी पाय तुडवला, कोणी तरी शिवी दिली. दारामागे भिंतीवर मुख्य बटण होतं, ते त्यांनी खाली ओढलं. दिवे गेले. खिडक्यांतून संध्याकाळचा उजेड तेवढा राहिला.

"तारांना कोणी हात लावू नका!" ते ओरडले. त्यांच्या घशातून इतका मोठा आवाज सभागृहातही कधी निघाला नव्हता.

मग बायकोचाच आवाज आला, नेहमीचा, शांत. "वर सभागृह आहे. तिथे दिवे चालू आहेत, खुर्च्या मांडलेल्या आहेत. सावकाश चला सगळे. पाहुण्यांना खुर्चीसकट नेऊ या. चार नावाडी पुढे या बरं."

लोक निघाले. पण पाणी अजून चढणार होतं आणि भिंतीकडेने विक्रीच्या पुस्तकांची खोकी जमिनीवर रचलेली होती. किल्लीवाले सगळ्यांच्या आधी चौकात पोचले, एकतीस पायऱ्या चढले, अडगळीतून ती लांब किल्ली उपसली आणि उलटे खाली आले. धक्क्याच्या पायऱ्यांखाली कमरेइतक्या पाण्यात उतरून त्यांनी झडप शोधली. ती गंजली होती. दोनदा हात सटकला, तळवा सोलला. तिसऱ्यांदा फिरली.

ओलेचिंब होऊन ते सभागृहात आले तेव्हा मुलाखत पुन्हा रंगली होती. तीनशे चाळीस खुर्च्या भरल्या होत्या, माणसं भिंतींना टेकून उभी होती, खिडक्यांत बसली होती. तीन वर्षं ज्यासाठी जीव जळत होता, ते सगळं डोळ्यांपुढे होतं. हेडबाई लगबगीने आल्या आणि कुजबुजल्या, "किल्लीवाले, तुम्ही नसता तर आज काय झालं असतं हो! देवासारखे आलात."

हेडबाईंच्या मागे बायको उभी होती. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत नव्हती. त्यांच्या हातातल्या लोखंडाकडे बघत होती.

"ही कुठली किल्ली?"

"झडपेची. मोरीची."

"कुठे मिळाली?"

"माझ्याकडेच होती."

"कधीपासून?"

खोटं बोलायला वेळ होता, पण ताकद नव्हती. "अठ्ठावीस वर्षं," ते म्हणाले.

ती दाराशी जाऊन उभी राहिली आणि मुलाखत शेवटपर्यंत ऐकली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात किल्लीवाल्यांचा फोटो आला. ओले कपडे, हातात किल्ली, वर मोठा मथळा. नगरपालिका त्यांचा सत्कार करणार असल्याचंही खाली छापलं होतं. लेकीचा फोन आला आणि तिने पहिल्यांदाच आईच्या आधी बाबांना मागितलं. ते दोन वाक्यं बोलले आणि आवाज नीट येत नाही म्हणून ठेवून दिला.

बायकोने चहा पुढ्यात ठेवला. एकच कप.

"दगडाला घाम येतो म्हणालात," ती म्हणाली.

"हो."

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"शंभर माणसं होती आत. मी होते. बोर्ड लागला असता तर?"

"बोर्डाचं मला ठाऊक नव्हतं गं. आईशप्पथ. मला वाटलं, नुसते पाय भिजतील."

"का पण?"

किल्लीवाल्यांनी सोललेल्या तळव्याकडे पाहिलं. "मला तुझा हेवा वाटत होता," ते म्हणाले. "तिन्ही वर्षं. तुझं पत्र आलं होतं ना, तेही मी दोन दिवस दाबून ठेवलं होतं."

त्यांना वाटलं होतं, ती रडेल नाहीतर हसेल. तिने यातलं काहीच केलं नाही. "तुम्ही मला सांगितलं असतं ना," ती म्हणाली, "तर मी एखादा पाहुणा वर सोडला असता. पण तुम्ही मला बुडवायला निघालात. मी तुम्हाला इमारतीबद्दल विचारलं होतं आणि तुम्ही सांगाल त्यावर डोळे मिटून विसंबले होते." ती उठली आणि जकातघर पुसायला निघून गेली. पुढचे दहा-बारा दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. भाजीत मीठ मात्र अगदी बेताचं असायचं आणि तेच त्यांच्या मनाला जास्त लागायचं.

सत्काराच्या आदल्या दिवशी ते हेडबाईंकडे गेले आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून मोकळे झाले. हेडबाईंनी चाळीस वर्षं मुलींच्या खोड्या ऐकल्या होत्या, पण हे ऐकून त्यांनाही खुर्ची लागली.

"सत्कार रद्द करते," त्या म्हणाल्या. "कारण विचारलं तर तुमची तब्येत सांगेन. तुमच्यासाठी नाही, तिच्यासाठी. आणि बसा इथे. हा कागद, हे पेन. त्या जकातघराचं तुम्हाला जे जे माहीत आहे ते सगळं लिहा. एकही गोष्ट पोटात ठेवायची नाही."

त्यांनी साडेतीन पानं लिहिली. झडप, तिची किल्ली, कुठल्या वाऱ्याला कुठली खिडकी उघडी ठेवू नये, दाराची खालची बिजागरी, उत्तरेच्या भिंतीतली जुनी चूल, जिच्या धुराड्यातून थंडीत वारा येतो. लिहिता लिहिता त्यांना कळलं, आपल्याला ती जागा आवडायची. कागद आणि किल्ली त्यांनी घरी नेऊन बायकोच्या पुढ्यात ठेवली. तिने सगळं वाचलं, दोन जागी अक्षर लागलं नाही ते विचारलं, आणि किल्ली आपल्या पिशवीत टाकली. त्या संध्याकाळी चहाचे दोन कप आले.

उन्हाळ्यात हेडबाईंनी तिला महोत्सवाच्या जागा ठरवणाऱ्या समितीवर घेतलं. पहिल्या बैठकीच्या दिवशी किल्लीवाले निकालाच्या दिवशीच्या पोरासारखे दारात येरझाऱ्या घालत होते. ती आली, चपला काढल्या, पाय धुतले.

"काय ठरलं?" त्यांनी विचारलं.

"समितीतलं घरात सांगायचं नसतं," ती म्हणाली. "सही घेतलीय तशी."

त्यांनी तिला पाय पुसायला पंचा दिला. मग म्हणाले, "मला जरा हेवा वाटतोय हं. सांगून ठेवतो."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "फार?"

"बऱ्यापैकी."

"बरं," ती म्हणाली आणि पदराने हात पुसत आत गेली. "मग जेवताना बोलू त्यावर. आधी तो कांदा चिरायला घ्या."